जावयाने मांडलेलं दुकान

आमच्या पडवीत दोन कढया आहेत. एक उपासाची आणि एक बाकी सगळ्यांची. उपासाच्या कढईचं तेल वेगळं, झारा वेगळा, मीठसुद्धा वेगळं. तिच्या आसपास तिखटाचा डबा दिसला तरी माझा आवाज चढतो. बऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या त्या पडवीत दोन कढयांच्या मधे भिंत बांधायची तेवढी मी बाकी ठेवली आहे. आणि इतकं सोवळं सांभाळून तळलेले केळ्याचे चिप्स जावयाने मांडलेल्या दुकानात गेले की तिथे बाटायचे. किती महिने बाटत राहिले. आम्ही सगळे बघत राहिलो आणि "वा, छान" म्हणत राहिलो.

दुकान म्हणजे ऑनलाइन दुकान. गिऱ्हाइकाने मोबाइलवर उघडायचं, हवं ते बोटाने निवडायचं, पत्ता घालायचा, पैसे भरायचे, की इकडे आमच्या फोनवर ऑर्डर येऊन पडायची. जावयाने ते स्वतः बनवलं होतं, फुकट बनवलं होतं, आणि त्यात खोट होती. या तिन्हींतली एखादी गोष्ट नसती तर सगळं एका दुपारी मिटलं असतं.

मूळ धंदा माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा. आमच्या ह्यांची आणि दिरांची दापोऱ्याला, जवळच्या खेड्यात, केळीची बाग आहे. चांगला घड व्यापारी घेऊन जातो. ज्या फण्या त्याला बारीक किंवा वाकड्या वाटतात, त्या तो नाक मुरडून बाजूला टाकतो. ती कच्ची केळी घरी येतात. मी सोलते, धाकटी किसणी थेट कढईवर धरून चकत्या पाडते. चिकाने आम्हा दोघींचे हात बारा महिने काळे असतात. लग्नकार्यात आम्ही ते पदराखाली लपवतो आणि तरी फोटोत नेमके तेच दिसतात.

गिऱ्हाईक मिळालं ते माझ्या माहेरामुळे. माझे वडील कागद कारखान्यात होते. सगळी कॉलनी महाराष्ट्रातून आलेल्यांची. निवृत्त झाली तशी ती माणसं पुण्याला, नाशिकला, साताऱ्याला परत गेली आणि गेल्यावर त्यांना कळलं की तिकडे सगळं मिळतं, आपल्याकडचे चिप्स तेवढे मिळत नाहीत. मग फोन सुरू झाले. "अगं, थोडे उपासाचे पाठव, थोडे मसाल्याचे पाठव." अर्धा वेळ चिप्सचं बोलणं, अर्धा वेळ कोणाचे गुडघे बदलले त्याचं. धंदा असा बरा चालला होता.

अशात धोंड्याचा महिना आला आणि जावई इंदूरहून वाणाला आला. चांदीच्या ताटात अनारसे ठेवून मी त्याच्यासमोर बसले, तर माझा फोन सारखा वाजत होता. दर वेळी मी उठायची, "हो हो, पाठवते" म्हणायची आणि परत येऊन बसायची. तो इंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याने अनारसा तोडता तोडता मला सांगितलं, "आई, तुम्हाला हे फोन उचलावेच लागणार नाहीत. मी एक मस्त साइट बनवून देतो. सब ऑटोमॅटिक."

जावयाने मागितलं तर काय द्यायचं हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. जावयाने दिलं तर काय करायचं याची पद्धतच नाही. "नको" म्हणावं तर त्याचा अपमान, "किती घ्याल?" विचारावं तर त्याहून मोठा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "वा, छान."

साइट झाली. वर पिवळ्याधमक पिकलेल्या केळ्यांचा फोटो होता. चिप्स कच्च्या केळ्यांचे असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिले आठ-दहा जण "गोड असतात का हो?" एवढंच विचारत होते. मध्य प्रदेशातलं आमचं बऱ्हाणपूर पत्त्यात महाराष्ट्रात होतं. सासूबाई मराठी बोलतात म्हणजे गाव महाराष्ट्रातच असणार, असा त्याचा सरळ हिशोब असावा. इंदूरच्या मराठी माणसाने हे करावं म्हणजे कमाल झाली. पण या गोष्टी हसण्यावारी नेता येण्यासारख्या होत्या. खरी खोट पुढे निघाली.

एकाच ऑर्डरीत कोणी उपासाचे आणि मसाल्याचे असे दोन्ही निवडले, की साइट फक्त शेवटी निवडलेला प्रकार लक्षात ठेवायची आणि सगळं वजन त्याच्याच नावावर लिहायची. आता कोणतंही मराठी घर घ्या. सासूला एकादशी, सुनेला ऑफिस, नातवाला मसाला. एका छताखाली उपास करणारे आणि न करणारे दोघंही राहतात, एकमेकांच्या ताटात बघत राहतात, हे त्या साइटला ठाऊकच नव्हतं. एक घर, एक चव, असा तिचा कारभार होता.

पहिला फटका बसला तो मला चौथीत शिकवलेल्या बाईंना. कारखान्याच्या शाळेतल्या बाई, आता पुण्याला लेकाकडे असतात. त्यांनी स्वतःला उपासाचे आणि नातवाला मसाल्याचे मागवले होते. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पार्सल उघडलं तर सगळंच्या सगळं लालभडक. बाईंनी फोन केला. "उद्या मी काय खाऊ? तू चौथीतसुद्धा अशीच होतीस. प्रश्न अर्धाच वाचायचीस." मी म्हातारी व्हायला आले, पण फोन कानाला लावून उभी राहिले ती वर्गात उभी राहिल्यासारखी.

बाईंचा फोन ठेवला आणि तिरीमिरीत इंदूरला लावला. माझा राग नावाजलेला आहे. कढईत चकती पडावी तसा तो आधी तडतडतो, मग निवतो, पण तडतडल्याशिवाय निवत नाही. फोन लेकीने उचलला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आई, मी तुलाच फोन करणार होते." तिचा आवाज ऐकून मी खाली बसले.

कंपनीने माणसं कमी केली होती, त्यात जावई होता. झालेल्या गोष्टीला महिना उलटला होता. त्याच्या आईवडिलांना त्याने अजून सांगितलं नव्हतं. "रोज सकाळी आंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि टेबलाशी बसतो," ती म्हणाली. "आत्ता त्याच्याकडे काम म्हणजे तुझी साइट आहे, तेवढीच. दिवसभर तीच करत बसतो. आई, साइटला काही म्हणू नकोस. तुला शपथ आहे माझी."

आलेला राग परत गिळणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "जेवतो ना नीट?" आणि फोन ठेवला.

मग घरात नवीन व्यवस्था लागली. ऑर्डर आली की धाकटीने गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि खरं काय हवं ते विचारून घ्यायचं. धाकटी दापोऱ्याचीच, आवाज शेतातला, आडपडदा नाही. ती सुरुवातच करायची, "भाऊ, घरात उपासवालं कोनी आहे का?" पलीकडचा माणूस बँकेचा फोन समजून घाबरलेला असायचा, तो आणखी घाबरायचा. मग ती समजावून सांगायची, समोरचा मोकळा व्हायचा आणि बोलणं पुन्हा गुडघ्यांवर यायचं. फोन उचलावे लागणार नाहीत हे जावयाचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. उचलावे लागत नव्हते, आता करावे लागत होते.

ह्यांच्याकडे कौतुकखातं होतं. रोज सकाळी चष्मा लावून ते साइट उघडायचे आणि जावयाला फोन करून सांगायचे, "एकदम फर्स्टक्लास चालू आहे." जावयाला तक्रार म्हणून काही पोचतच नव्हतं. पोचत होतं ते कौतुक, आणि कौतुक झालं की तो आणखी काम करायचा. एका आठवड्यात साइटवर एक केळं गोल गोल फिरायला लागलं. गणपतीत फुलांचा पाऊस पडला. दिवाळीत आकाशकंदील आले आणि ते इतके मोठे झाले की पैसे भरायचं बटण त्यांच्यामागे दडलं. उपासाचे आणि मसाल्याचे मात्र एका ऑर्डरीत काही नांदले नाहीत.

"मोठ्या बाई, जावई तुमचा," श्रावण लागायच्या आधीच धाकटी एकदा किसणी खाली ठेवून म्हणाली, "अन् बोलनं मी खाऊन राहिली. काल नाशिकवाली मले म्हने, तुमची मशीन पागल झाली का? मी काय सांगू तिले, मशीन नाही, पाव्हना आहे?"

तिचं खरं होतं. इतवाऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारी एक मुलगी आहे, तिला मी गुपचूप घरी बोलावलं. आजकाल तयार दुकानं भाड्याने मिळतात, महिन्याचं भाडं भरायचं, बाकी सगळं ती कंपनी बघते, असं ती म्हणाली आणि तिने एक उघडून दाखवलं. धाकटीने लगेच त्यात अर्धे उपासाचे आणि अर्धे मसाल्याचे घातले. दुकानाने दोन्ही नीट लिहून घेतले, खाली बेरीजही दाखवली. फिरतं केळं नाही, काही नाही. हे, धाकटी आणि मी, आम्ही तिघं त्या पडद्याकडे दुसऱ्याच्या सुनेकडे बघतात तसं बघत होतो.

त्यानंतर आमच्या घरात एकच विषय. बदलायचं की नाही? मी म्हणायची बदलू. ह्यांचं म्हणणं, सण होऊन जाऊ दे. आधी श्रावण होऊन जाऊ दे, मग गणपती, मग नवरात्र. आपल्याकडे सणांना तोटा नाही, त्यामुळे ह्यांना कारण कमी पडलं नाही. आणि सण संपले की ते केळीवाल्याचं शेवटचं अस्त्र काढायचे, "घड एकदा उतरवला की झाडाला परत टांगता येत नाही. तू जावयाला एकदा बोललीस की बोललीस. मग बस चिप्स तळत."

हे ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेला तो मुलगा यायचा. आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली माझी लेक यायची, जी फोनवर हल्ली हळू आवाजात बोलायला लागली होती. साइट काढली असती तर पार्सलं नीट गेली असती. पण त्या घरात सकाळी आंघोळ करून बसायला काय उरलं असतं? मी रोज ठरवायची आणि रोज मोडायची. माझ्यासारख्या बाईला हे शोभत नव्हतं, आणि ते कळत असल्यामुळे मी सगळ्यांवर विनाकारण खेकसत होते.

दिवाळी सरल्यावर एक ऑर्डर आली. इंदूरचीच, नाव अनोळखी, नंबर अनोळखी. मसाल्याचे, सगळे मसाल्याचे. धाकटीने नेहमीप्रमाणे फोन लावला. मी कढईशी होते, तिचं एकटीचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"भाऊ, घरात उपासवालं कोनी आहे का?... नाही, तसं नाही, हमारा साइट जरा डगमग है ना... हां हां, दोनो मंगाया तो एकच लिखता है... अब क्या बतायें भैया, जमाईने बनाया है." पलीकडचा हिंदीत बोलत असावा, आणि चांगला ऐकणारा असावा, कारण धाकटी खुलली. बाईंची एकादशी सांगितली, नाशिकवालीची पागल मशीन सांगितली, कंदिलामागचं बटण सांगितलं. मग तिने फोनवर हात न ठेवताच मला हाक मारली. "मोठ्या बाई, हे भाऊ विचारून राहिले, एवढा ताप आहे तर बदलत काहून नाही?"

माझ्यासमोर तेल तापलेलं, कपाळावर घाम, आणि हा प्रश्न मी स्वतःलाच इतके दिवस विचारून थकलेली. मी तिथूनच ओरडले, "सांग त्यांना, सॉफ्टवेअर छप्पन्न मिळतील, पोरीला नवरा एकच आहे! नोकरी गेली बिचाऱ्याची. त्याला खेळायला दिलंय म्हणावं ते, खेळू दे!"

धाकटीने हे निरोपासारखं नीट हिंदी करून पलीकडे पोचवलं. मग ऑर्डर दुरुस्त करून घेतली, अर्धे हे, अर्धे ते. फोन ठेवून म्हणाली, "किती भला मानूस. सगळं आयकून घेतलं, एका शब्दाने बोलला नाही."

आठवड्याभराने भर दुपारी दार वाजलं. उघडलं तर जावई. एकटा, न सांगता, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. जावई न सांगता आला की घराची जी धांदल उडते ती उडाली. हे इतवाऱ्यात मावा जिलेबी आणायला चपला घालायला लागले, धाकटीने गॅस बारीक केला, मी पदराला हात पुसत "बसा बसा, लेक नाही आली?" म्हणत होते. तो बसला नाही. त्याने बॅगेतून आमचंच पार्सल काढलं आणि टेबलावर ठेवलं. दोन पाकिटं, एक उपासाचं, एक मसाल्याचं.

"हे बरोबर आलं," तो म्हणाला. मग धाकटीकडे वळून म्हणाला, "काकू, घर में उपासवाला कोई नहीं है."

धाकटीच्या हातातला झारा खाली पडला. उपासाच्या कढईचा झारा, जमिनीवर, आणि मी काही बोलले नाही, यावरून काय ते समजा.

झालं होतं असं की इंदूरला एकाला आपलं काम दाखवावं, त्यातून आणखी काम मिळेल, असं त्याच्या मनात होतं. दाखवण्याआधी स्वतः गिऱ्हाईक होऊन बघावं म्हणून त्याने मित्राच्या नावाने, नव्या नंबरावरून ऑर्डर टाकली होती. दोन्ही प्रकार निवडायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. साइट बरोबर चालली की नाही एवढंच बघायचं होतं. आणि फोन आला धाकटीचा. आवाज ओळखू येऊ नये म्हणून तो हिंदीत बोलला आणि ती म्हणाली तसे अर्धे-अर्धे मागवले.

हे चपला घालून दारातच उभे होते. "अहो, तसं काही नाही, आम्ही सहज," असं काहीतरी ते पुटपुटले.

"बाबा, तुम्ही रोज म्हणायचात फर्स्टक्लास," जावई म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, कंपनीने मला कामावरून काढलं. वाईट वाटलं. पण काढायला आधी कामावर ठेवावं लागतं. तुम्ही तर मला कामावर धरलंच नाही. मला खेळायला बसवलंत."

पडवीत तेल तापल्याचा वास येत होता. अशा वेळी सासूने डोळ्याला पदर लावायचा असतो. मला रडू आलं नाही, राग आला. आषाढातला गिळलेला राग, तोच, जसाच्या तसा. मी लेकीची शपथ मोडली.

"खेळायलाच बसवलं!" मी म्हटलं. "कामाचं काय केलंत तुम्ही? केळं फिरवलंत! मला चौथीत शिकवलेल्या बाई एकादशीला पाण्यावर राहिल्या, आणि तुमच्या साइटवर फुलं पडत होती. पैसे भरायचं बटण कंदिलामागे! माणसं पैसे द्यायला तयार आहेत आणि त्यांना बटण सापडत नाही, असं दुकान कोणी मांडलंय का जगात? आणि ते बऱ्हाणपूर कोणत्या प्रदेशात आहे हो? इंदूरहून इथे येताना वाटेत महाराष्ट्र लागला का तुम्हाला? एकदा तरी विचारलंत, आई, तुमचं गिऱ्हाईक काय मागतं? अनारसा तोंडात घालून सब ऑटोमॅटिक म्हणालात आणि गेलात!"

हे डोळ्यांनी मला "पुरे, पुरे" खुणावत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. जावई खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, चक्कर आली. पण तो कान देऊन बसला होता.

"एका ऑर्डरमध्ये दोन्ही?" त्याने विचारलं. "असं कोण मागवतं?"

"सगळे!" मी आणि धाकटी एकदमच ओरडलो.

"मम्मी-पप्पांच्या घरी उपास असला की सगळ्यांनाच असतो," तो म्हणाला. "मम्मी दुसरं काही बनवतच नाही."

विहीणबाईंचा स्वभाव पाहता हे मला आधीच सुचायला हवं होतं. असो. मी अजून बरंच बोलले. बोलून बोलून घसा बसला तेव्हा धाकटीने मला पाणी दिलं आणि, मला हे विसरायचं नाही, त्यालाही दिलं.

पाणी पिऊन त्याने विचारलं, "मग आता काय करू? दुरुस्त करू का काढू?"

"दुरुस्तच करा ना," हे घाईने म्हणाले. "छोटीशी तर गोष्ट आहे."

छोटीशीच होती. ती सांगायला आम्हाला चार महिने लागले होते. आणि आता तर "दुरुस्त करा" म्हणणं सगळ्यात सोपं होतं. त्याचं मन राहिलं असतं, आमचं राहिलं असतं, लेकीचं राहिलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो उत्तराची वाट बघत होता, जावई म्हणून नाही, काम केलेला माणूस बघतो तशी. आणि कामाच्या माणसाशी मला एकाच तऱ्हेने बोलता येतं.

"काढा," मी म्हटलं. "आज दुरुस्त कराल, होळीला रंग उडवाल. मला तुमचं दुकान नको. तयार मिळतं ते भाड्याने घ्यायचं आहे. तुम्ही ते लावून द्या, सांभाळा, बिघडलं तर माझी बोलणी खा. जमतं का सांगा."

तो मान खाली घालून टेबलावरची दोन पाकिटं एकमेकांशेजारी सरळ लावत राहिला. त्या तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला माहीत. स्वतःच्या हाताने लेकीचा संसार तेलात सोडला, असंच वाटलं. मला फार भीती वाटली, आणि भीती वाटली की मी आणखी ताठ बसते, तशी बसले.

"कोणतं तयार दुकान?" तो शेवटी म्हणाला. "दाखवा."

दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं, दोन-तीन ठिकाणी नाक मुरडलं, व्यापारी आमच्या फण्यांना मुरडतो तसंच. मग नाइलाजाने म्हणाला, "चांगलं आहे." आणि मान वर करून म्हणाला, "माझा चार्ज लागेल."

"अहो, तुम्ही घरचे," हे म्हणाले.

"म्हणूनच," जावई म्हणाला.

"घ्या," मी म्हटलं.

तो दोन दिवस राहिला. पडवीत स्टूल घेऊन बसला, कोण काय मागवतं ते धाकटीला विचारत राहिला, आणि धाकटीने त्याला इतकं सांगितलं की पुण्यातल्या निम्म्या गुडघ्यांची माहिती त्याला झाली. पिवळी केळी गेली, हिरवी आली. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात परत आलं. जेवायला तो आमच्याबरोबर पडवीतच बसला, आणि दुसऱ्या दिवशी वाढायला उशीर झाला तर "भूक लागली आहे" म्हणाला, जे लग्नानंतर तो आमच्या घरी कधी म्हणाला नव्हता. निघताना मी पाकीट दिलं. दर वेळी पाकिटाला कुंकू लावून नारळाबरोबर देते. या वेळी कुंकू लावलं नाही. त्यानेही पाया पडायच्या आधी ते उघडून बघितलं आणि मान हलवून खिशात घातलं.

धाकटीला मात्र करमेना. ऑर्डरी नीट यायला लागल्या, फोन करायचं काही कारण उरलं नाही. मग ती पार्सल पोचलं का विचारायला फोन करायला लागली.

जावयाला अजून नोकरी लागलेली नाही. इंदूरला दोन-तीन दुकानदारांची अशीच कामं करतो, एकाकडून मिळतं, एकाकडून मिळत नाही. त्याच्या घरी त्याने सांगितलं. लेकीचा आवाज थोडा मोठा झाला आहे, कधीकधी फोनवर त्याच्याशी भांडताना ऐकू येते, आणि ते मला बरं वाटतं.

परवा महाशिवरात्रीच्या तोंडावर त्या तयार दुकानाने उपासाच्या चिप्ससमोर "संपले" असं लिहून टाकलं. इकडे पडवीत डबे भरून पडलेले. वर्षाचं गिऱ्हाईक उपाशी परत जाणार म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इंदूरला फोन लावला आणि कसे आहात, जेवलात का, काही न विचारता सरळ सुरुवात केली. याच्यासाठी भाडं भरते का मी? कोण बघतं याच्याकडे? आज संध्याकाळच्या आत झालं पाहिजे. तो मधेमधे "हो" म्हणत होता, खटाखट काहीतरी दाबल्याचा आवाज येत होता. मागून लेकीने विचारलं, "कोण एवढं ओरडतंय? कोणाचा फोन आहे?"

"क्लायंटचा," तो म्हणाला. वैतागून म्हणाला, पण जरा ऐटीत.

मी ते ऐकून घेतलं. मग उरलेलंही बोलून घेतलं.